पुष्यात घाट चढू नये

कोकणातल्या समुद्राला बंद होण्याची तारीख आहे. १ जूनला मासेमारी थांबते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. सरकारी बंदी ३१ जुलैला संपते, तरी जुनी मंडळी नारळी पौर्णिमेचा नारळ वाहिल्याखेरीज पाण्यात होडी घालत नाहीत. पूर्वी मुंबईहून कोकणातल्या बंदरांना जाणाऱ्या आगबोटीही पावसाळ्यात बंद असत. मे संपायच्या आत गावी पोचायचं, नाही तर समुद्र शांत होईपर्यंत मुंबईतच दिवस काढायचे, हे घराघरांत ठाऊक होतं.

रस्त्याला अशी तारीख कुणी लावली नाही. रस्ता बारमाही, आणि बारमाही असणं हाच त्याचा मोठेपणा. त्यामुळे पावसात कधी निघायचं, कुठे थांबायचं आणि किती वेळ थांबायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आमच्या घरात हे ठरवण्याची विद्या तोंडातोंडी चालत आली. ती कुणी लिहून ठेवली नव्हती. ओटीवर बसून, पागोळ्या गळत असताना, चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर ती बाहेर पडायची.

आमचं गाव महाड आणि पोलादपूर यांच्या मधलं. पणजोबा बैलगाडीने भात आणि हिरडा महाडच्या पेठेत नेत. त्या वेळी सावित्रीवर पूल नव्हता, पलीकडे नेणारी ‘तर’, म्हणजे नाव होती. तरीवाला आभाळाकडे फारसा बघत नसे, तो पाण्याकडे बघे. पाणी तांबूस झालं, त्यात पाला आणि काटक्या दिसू लागल्या की वर महाबळेश्वरच्या अंगाला कोसळतोय हे त्याला कळे. मग तो तर काठाला ओढून, दोरी वडाला बांधून, “आज नाय” एवढंच म्हणे. त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नसे. घोड्यावरून आलेल्या साहेबालाही त्याने दोन रात्री धर्मशाळेत बसवल्याची गोष्ट पणजोबा आवडीने सांगत. पंचमीला माहेरी निघालेली त्यांची बहीण पौर्णिमेला पोचली, असंही घरात सांगतात. त्यात थोडी भर असेल, पण काठावर बसून राहणं ही तेव्हा कमीपणाची गोष्ट नव्हती, एवढं त्यातून समजतं.

१९२८ साली सावित्रीवर दगडी कमानींचा पूल झाला. इंग्रजांचं काम, भक्कम. पहिल्या पावसात गावातली माणसं पूर बघायला पुलावर जाऊन उभी राहिली. पणजोबांचं त्यावरचं म्हणणं आमच्याकडे अजून बोललं जातं: पुलाला तोंड नाही, तो ‘आज नाय’ म्हणत नाही.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझे आजोबा, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. आप्पा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका लॉरीवर क्लीनर म्हणून लागले. पेट्रोलचं रेशनिंग होतं. कितीतरी सर्व्हिस मोटारींना आणि लॉऱ्यांना मागे कोळशाची भट्टी बसवलेली असे. पहाटे क्लीनरने भट्टी पेटवायची, हाताने पंखा फिरवून गॅस धरायचा, मग कुठे इंजिन बोले. कोळशाच्या गॅसवर इंजिनाची ताकद निम्म्यावर येई, त्यामुळे चढ आला की उतारूंनी उतरायचं, बायकांनी चालायचं आणि पुरुषांनी ढकलायचं. भर पावसात कशेडी घाट चढताना लोक असे चिंब व्हायचे आणि मोटारवाल्याचा उद्धार करायचे. पण त्या गतीने चढणारी गाडी घसरली तरी चार हातांवर थांबे, हेही आप्पा आवर्जून सांगत.

त्या गाड्यांचे वायपर इंजिनाच्या ओढीवर चालत. सपाटीला ते झपाझप फिरत आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मंद होत होत थांबूनच जात. म्हणजे नेमकं घाटात, जिथे काच दिसायला हवी तिथे काच आंधळी. त्यावर उस्तादाकडे, म्हणजे लॉरीच्या ड्रायव्हरकडे, इलाज होता. तो गाडी बाजूला घेई, कनवटीच्या चंचीतली तंबाखू तळहातावर घेऊन जरा ओली करी आणि बाहेरून काचेवर चोळी. काचेच्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात, आडवा हात, मग उभा, आणि शेवटी धोतराच्या सोग्याने एकच हलकी पुसणी. फार पुसायचं नाही, नाही तर केलेलं वाया. तंबाखूचा तो पातळ थर बसला की पाणी थेंबाथेंबाने साचत नाही, पसरून पडद्याने खाली उतरतं आणि पलीकडचं दिसू लागतं. ट्रकवाले विडी मोडून अजूनही हे करतात. आप्पांना त्या तंबाखूपेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटायची: ती चोळायला उस्ताद गाडी थांबवत असे, आणि तेवढ्यात टायर, ब्रेक आणि माल यांच्यावरून एकदा नजर फिरे.

थांबण्याच्या जागाही ठरलेल्या असत. प्रत्येक घाटाच्या तोंडाशी कुठला ना कुठला देव बसलेला. बोरघाटात शिंगरोबा आहे. दंतकथा अशी की या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली, बक्षीस म्हणून आपल्या लोकांचं स्वातंत्र्य मागितलं आणि त्याला गोळी मिळाली. त्याच्या देवळापाशी ड्रायव्हर नाणं वाहतात. आप्पा पुण्याला माल घेऊन जात तेव्हा खाली उतरून नारळ फोडत. तोवर इंजिन निवे, रेडिएटरमध्ये पाणी पडे, वरून उतरलेल्या ड्रायव्हरकडून वरची हकीकत मिळे. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. गाडी मात्र नेमकी जिथे थांबायला हवी तिथे थांबत होती. आता पुष्कळ जण चालत्या गाडीतून नाणं भिरकावतात. नवस फेडला जातो, ब्रेक तपासायचा राहतो.

आप्पांनी पाहिलेला पहिला अपघात कशेडीतला. लोणारी कोळशाची पोती भरलेली लॉरी, दोन दिवस पाऊस खाल्लेली. भिजल्यावर कोळशाचं वजन किती वाढतं, ते पोतं उचलणाऱ्याला विचारावं. उतारावर एका वळणात मागची चाकं सुटली आणि लॉरी आडवी होऊ लागली. उस्तादाने ब्रेकवरचा पाय काढला आणि स्टिअरिंग डोंगराकडे वळवलं. लॉरी चरात जाऊन कड्याला टेकली. एक मडगार्ड चेपलं, उस्तादाच्या कपाळाला खोक पडली, पण दोघं जिवंत. “गाडी सोडायचीच वेळ आली तर डोंगराला दे, दरीला देऊ नको,” हे वाक्य मग आमच्या घरात सायकल शिकणाऱ्या पोरालाही ऐकवलं गेलं.

खरी शिकवण त्यानंतरच्या अर्ध्या तासात होती. कपाळाला फडकं बांधायच्या आधी उस्तादाने आप्पांना चाकांमागे धोंडे लावायला सांगितलं. मग कोयत्याने ऐनाच्या फांद्या तोडून वळणाच्या दोन्ही अंगांना रस्त्यावर टाकल्या. कंदील देऊन आप्पांना वर पिटाळलं, लॉरीपासून लांब, वळणाच्या पलीकडे. “गाडीपाशी उभा राहू नको. मागून येणाऱ्याला गाडीच दिसणार नाय, तू कसला दिसतोस.” थोड्या वेळाने वरून एक लॉरी उतरली. कंदील बघून तिने वेग कमी केला आणि फांद्यांपाशी थांबली. फांद्या नसत्या तर पहिल्या अपघातातून वाचलेली दोन माणसं दुसऱ्यात गेली असती. निघताना उस्तादाने फांद्या आणि धोंडे, दोन्ही उचलून कडेला टाकायला लावले. रस्त्यात विसरलेला धोंडा म्हणजे पुढच्या अपघाताची तयारी.

आज फांदीच्या जागी लाल त्रिकोण आहे. तो डिकीत सामानाखाली असतो आणि बाहेर काढलाच तर गाडीला खेटून ठेवला जातो. तो मागे ठेवायचा, चांगला पन्नास-साठ पावलं, आणि वळण असेल तर वळणाच्या पलीकडे. पार्किंगचे चारही दिवे थांबलेल्या गाडीचे आहेत. पाऊस वाढला की चालत्या गाडीत ते लावायची हल्ली रीतच पडली आहे. त्याने मागच्याला काही कळत नाही. तुम्ही थांबलाय की चाललाय, डावीकडे वळणार की उजवीकडे, सगळं त्या उघडझापीत बुडतं. पावसात लावायचे ते हेडलाइट, आणि तेही खाली केलेले.

पुढे आप्पा एसटीत लागले. १ जून १९४८ला पुणे–अहमदनगर ही पहिली बस धावली, त्यानंतर थोड्या वर्षांनी. महाड, पोलादपूर, महाबळेश्वर या बाजूच्या फेऱ्या आणि वस्तीच्या गाड्या त्यांनी निवृत्तीपर्यंत केल्या. त्यांचं पावसाचं कॅलेंडर नक्षत्रांचं होतं. ही नक्षत्रं सूर्याची असल्यामुळे दर वर्षी त्याच तारखांच्या आसपास लागतात, हे त्यांना पंचांगातून आणि आम्हाला त्यांच्याकडून कळलं.

मृग लागतो ७-८ जूनला. “मृगाचा रस्ता साबणाचा,” आप्पा म्हणत. आठ महिने रस्त्यावर सांडलेलं तेल, टायरचं झिजलेलं रबर आणि धूळ यांच्यावर पहिली सर पडली की त्याचा पातळ राडा होतो. मोठा पाऊस तो धुऊन नेतो, पहिली भुरभुर मात्र तो नुसता कालवते. म्हणून पहिल्या पावसात पहिला अर्धा तास गाडी काढायची नाही. आर्द्रात खड्डे उघडतात आणि त्यात पाणी भरल्यामुळे ते दिसत नाहीत. पुनर्वसू, म्हणजे तरणा पाऊस, साइडपट्टी खातो. डांबराच्या कडेला जमीन दिसते, पण खालची माती गेलेली असते. समोरच्याला वाट द्यायला चाक खाली उतरवलं की गाडी कलंडते. आश्लेषा-मघांत सावलीच्या वळणांवर शेवाळ धरतं आणि गवत वाढून दरीची कड झाकतं. हस्ताचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो. तेव्हा झाडाखाली गाडी लावायची नाही.

राहिला पुष्य, लोक ज्याला म्हातारा पाऊस म्हणतात. साधारण २० जुलै ते २ ऑगस्ट. त्याबद्दल आप्पांचं सांगणं दोन शब्दांत संपे: घाट नको. नोकरी होती म्हणून त्यांना जावं लागे, पण स्वतःच्या कामासाठी ते पुष्यात कधी घाट चढले नाहीत, घरातल्यांनाही जाऊ दिलं नाही. लहानपणी आम्हाला ही म्हाताऱ्या पावसाबद्दलची म्हाताऱ्याची अंधश्रद्धा वाटे. नंतर वर्तमानपत्रातल्या तारखा वाचताना मी थबकू लागलो. २५ आणि २६ जुलै २००५: महाड तालुक्यात जुई, दासगावच्या दरडी आणि मुंबईतला प्रलय. ३० जुलै २०१४: माळीणची दरड. २८ जुलै २०१८: दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस आंबेनळी घाटात दरीत गेली, ३० जणांचा मृत्यू, एकच जण वर चढून येऊ शकला. २२ जुलै २०२१: तळियेची दरड, आणि त्याच दिवशी महाड आणि चिपळूण पाण्याखाली. १९ जुलै २०२३ची रात्र, पुष्याच्या उंबरठ्यावर: इर्शाळवाडीची दरड.

यात गूढ काही नाही. जूनपासून डोंगर पाणी पीत असतो. जुलैच्या उत्तरार्धात त्याची पिण्याची ताकद संपते, मातीचं वजन वाढतं, कणांमधली पकड सुटते आणि मग एका रात्रीचा जोराचा पाऊस पुरतो. जूनमध्ये तेवढाच पाऊस पडला तर ओढ्याला पूर येतो, पुष्यात पडला तर डोंगर खाली येतो. दरडीची चिन्हं आप्पांना ठाऊक होती: एरवी कोरड्या असलेल्या जागी कड्यातून फुटलेली धार, ओहोळाचं स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणं, वाहता ओहोळ अचानक आटणं, रस्त्यावर बारीक खडे गळू लागणं, झाडं तिरकी होणं. यातलं एक जरी दिसलं तरी ते गाडी मागे घेत. डोंगराकडेच्या चरात गाडी थांबवून पाऊस थांबायची वाट बघणं, ही त्यांच्या मते सगळ्यांत वाईट निवड. थांबायचं ते मोकळ्या जागी, नाही तर मागच्या गावात.

त्यांनी एकदा पोलादपूरच्या स्टँडवर गाडी लावून टाकली. वर महाबळेश्वरला जायचं होतं. खाली पाऊस फारसा नव्हता, ऊनसुद्धा पडून गेलं होतं. पण वरून येणारी गाडी वेळेवर उतरली नव्हती. आप्पांनी कंडक्टरला सांगितलं, वरची गाडी दिसेपर्यंत आपली निघणार नाही. उतारूंनी आरडाओरडा केला. एकाने तर ड्रायव्हर घाबरट आहे म्हणून सगळ्या स्टँडला सांगितलं. संध्याकाळ झाली, गाडी आली नाही. रात्री लोक स्टँडवरच झोपले. सकाळी कळलं, वर रस्ता तुटला होता. ज्याने घाबरट म्हटलं होतं त्याने माफीबिफी काही मागितली नाही, फक्त सकाळचा चहा पाजला. आप्पांना तेवढं पुरलं.

“वर कसा हाय?” हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. आपल्या डोक्यावरचा पाऊस सगळे बघतात, आपल्याला बुडवणारा पाऊस दुसऱ्याच्या डोक्यावर पडत असतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांमधून माणसं नेहमीसारखी गाडीत बसून घराकडे निघाली, ती याच फरकामुळे. महाडला तर दोन प्रश्न विचारावे लागतात. महाबळेश्वरला कसा आहे, आणि बाणकोटला भरती कधीची आहे. वरून पूर आणि खालून भरती एका वेळी आली की सावित्री आणि गांधारी यांना जायला जागा राहत नाही. आता हवामान खात्याचे रंग आहेत. चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस अपेक्षित असला की लाल. फोनवर तो रंग दिसतो, पण आपण आपल्या गावाचा रंग बघतो. बघायचा असतो तो नदीच्या उगमाचा.

२६ जुलैची आमच्या घरातली गोष्ट मामाची. मामा काळी-पिवळी चालवायचा, जुनी पद्मिनी. दुपारी कलिन्याच्या बाजूला मिठी नदीचं पाणी चढू लागलं. त्याच्या पुढे-मागे भारी गाड्या, काचा बंद, एसी चालू, आत बसलेली माणसं पाणी उतरायची वाट बघत. पाणी दाराच्या निम्म्यावर आलं तेव्हा मामाने हँडल फिरवून काच खाली केली, खिडकीतून बाहेर पडला आणि दुभाजकावर उभा राहिला. त्या दिवशी मुंबईत काही माणसं बंद गाडीतच गेली. पाण्याचा दाब दार उघडू देत नाही, विजेची काच आणि कुलूप बंद पडतं. मामाने ओळखीअनोळखीच्या ओढण्या बांधून दोरी केली आणि आणखी काही जणांना दुभाजकावर घेतलं. टॅक्सी दोन दिवसांनी मिळाली, चिखलाने भरलेली. त्याला तिचं वाईट वाटलं, पण ती सोडल्याचं कधी वाटलं नाही.

मामाचा धडा असा: पाणी दाराला लागलं की निर्णय झालेला असला पाहिजे. आधी पट्टा काढायचा, मग वीज चालू आहे तोवर काच खाली, मग मुलं, मग आपण. काच उतरत नसेल तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात टणक, टोकदार वस्तूने मारायचं. मधोमध मारून ती लवकर फुटत नाही, आणि समोरची काच तर फुटायच्या भानगडीतच पडत नाही. त्यासाठी छोटा हातोडा ड्रायव्हरच्या हाताशी हवा, डिकीत असून उपयोग नाही. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी उचलतं, दोन फूट झालं की बहुतेक गाड्या. फरशी पुलावरून पाणी जात असेल आणि कडेच्या पांढऱ्या दगडांची डोकी दिसत नसतील तर गाडी घालायची नाही, हा आप्पांचा नियम याच हिशेबाचा. पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा चालू करायचं नाही. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, मग आतला दांडा वाकतो. असं इंजिन दुरुस्त करायचा खर्च साध्या विम्यात बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं कलम घ्यावं लागतं.

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री, पुष्य सरता सरता, सावित्रीवरचा तो १९२८चा पूल गेला. एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहनं अंधारात नदीत पडली. सुमारे चाळीस माणसं गेली. आप्पा त्याआधीच गेले होते, ते बरं, असं आजी म्हणाली. त्या ड्रायव्हरांचा काही दोष नव्हता. पूल डोळ्यांनी दिसत नव्हता, तो नाही हे कुणाला कळणार? शेजारच्या गॅरेजमधल्या एका कामगाराच्या लक्षात आलं की पुलावर गेलेल्या गाडीचे दिवे एकदम नाहीसे झाले. त्याने धावत जाऊन पुढच्या गाड्या थांबवल्या. तो नसता तर आकडा कुठवर गेला असता सांगता येत नाही. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, जून २०१७मध्ये त्यावरून वाहतूक सुरू झाली. हे काम कौतुकाचंच आहे. पण त्या रात्री माणसं वाचली ती हात वर करून ‘पुढे जाऊ नका’ म्हणणाऱ्या एका माणसामुळे.

आता रस्ता रुंद झाला. कशेडीला सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा आहे. २०२३च्या गणपतीत त्याची एक बाजू खुली झाली आणि घाट काही मिनिटांवर आला. आप्पांच्या काळात नसलेला एक धोका या रुंदीबरोबर आला. टायरला खाचा असतात त्या खालचं पाणी बाजूला सारायला. वेग वाढला की पाणी सरायला वेळ मिळत नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो. टायरमधली हवा बरोबर असली तरी साधारण ताशी ८० किलोमीटरच्या पुढे हे होऊ शकतं, टायर झिजलेला असेल तर त्याच्या बरंच आधी. खाचेच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीची खूण असते. रबर झिजून तिथवर आलं की तो टायर संपला. गाडी तरंगली की स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. तेव्हा ब्रेक मारायचा नाही, चाक फिरवायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि टायर पुन्हा जमिनीला लागेपर्यंत दम धरायचा. ताशी ४०ने जाणाऱ्या एसटीच्या लाल डब्याला हे शिकायची गरजच पडली नाही. त्याला वेगळी विद्या लागे: ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, पाण्यातून निघालं की ब्रेकवर हलका पाय ठेवून तो सुकवायचा. या तिन्ही गोष्टी आजही तितक्याच खऱ्या आहेत.

अपघातानंतर काय, याबाबतीत मात्र आजचा काळ बरा. आप्पांच्या वेळी जखमीला उचलायला लोक कचरत, पोलिसांचं झेंगट मागे लागेल म्हणून. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १३४ अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. त्याला साक्षीदार व्हायची किंवा नाव सांगायची सक्ती करता येत नाही. १०८ला फोन केला की रुग्णवाहिका येते, ११२ला पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आहे. २०२५च्या केंद्रीय योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. अपघातात सापडलेली गाडी जो चालवत होता त्याने जखमीला दवाखान्यात पोचवायचं आणि जवळ पोलीस नसेल तर चोवीस तासांच्या आत ठाण्यात खबर द्यायची, हा त्याच्यावरचा बोजा कायद्याचाच आहे. गाडी हलवण्याआधी फोटो काढावेत, विमा कंपनीला लगेच कळवावं. पण हे सगळं चाकांमागे धोंडे लावून झाल्यावर. क्रम उस्तादाचाच.

पोलादपूरला आमच्या ओळखीची मंडळी गणपतीला मुंबईहून येतात. हल्ली विचारलं, वाटेत कुठे थांबलात, तर उत्तर येतं: कुठे थांबणार? नव्या रस्त्याला बसायला जागा नाही. बायकांना जायला स्वच्छ मोरी नाही, ट्रकवाल्याला गाडी लावून तास-दोन तास पडायला उजेडाची, सपाट जागा नाही. जुन्या नाक्यांवरची हॉटेलं रुंदीकरणात गेली किंवा उड्डाणपुलाखाली पडली. वरंध घाट जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने पावसाळ्यात बंद होतो तेव्हा आपण शिव्या देतो, आणि दुसरी वाट धरून तितक्याच पावसात दुसरा घाट चढतो. थांबायचं म्हटलं तर कुठे थांबायचं, हे आदेशात लिहिलेलं नसतं.

पावसात गाडी सुरक्षित चालवण्याचे पुष्कळ नियम आहेत, त्यांतले बरेच इथे आले. त्यांतला पहिला नियम, थांबण्याचा, पाळायला जागा लागते. ती प्रत्येक घाटाच्या दोन्ही तोंडांशी हवी: छप्पर, उजेड, संडास, चहा, आणि वरच्या पावसाची खबर देणारा एक माणूस. चौपदरी रस्ता आपण वर्षानुवर्षं मोर्चे काढून मागितला. त्याच आवाजात आता थांबायची जागा मागायला हवी. ती मिळेपर्यंत, २० जुलै ते २ ऑगस्ट या दिवसांत ज्याचं काम अडत नसेल त्याने घाट चढू नये.